दोन सेकंदांचा टॉवेल

रात्री साडेबाराला पिक्चर सुटला
आणि आम्हा चौघांपैकी कुणीच गाडीला किक मारली नाही.
पार्क चौकात एक भुर्जीवाला अजून तवा खरवडत होता.

मैनोद्दीन हसतच होता.
"बर्फ आणायला हेलिकॉप्टर बे! नुसता बर्फ!"
तीन तासांतून त्यानं एवढंच उचललं,
बाकी शेअर, कमिशन, कागदावरच्या कंपन्या
त्याच्या डोक्यावरून गेल्या,
हेलिकॉप्टरसारख्याच.

मल्लिनाथ म्हणाला, घाण पिक्चर.
तीन तास चोराची आरती ओवाळायची
आणि शेवटी पाच मिनिटं जेल,
त्या जेलच्या खिडकीतूनही समुद्र दिसतो.
"पोरं काय शिकणार बे यातनं?"
"शिट्टी तर तू मारलीस," मी म्हणालो.
तो भुर्जीतली मिरची वेचून कडेला ठेवत राहिला.

खरं सांगायचं तर पहिली शिट्टी माझी होती.
हिरो नोटांची गादी झटकून ऊन दाखवतो तिथं.
का मारली, माहीत नाही.
माझ्या खिशात तेव्हा परतीच्या पेट्रोलचे साठ रुपये होते
आणि अंगठा-बोट आपसूक तोंडात गेलं.

मल्लिनाथ कुठं शांत झाला होता, तेही मी पाहिलं होतं.
हिरो फोनवर एका म्हातारीला सांगतो,
"सोमवारी या, पैसे तयार आहेत,"
आणि फोन ठेवून नाचतो.
अख्खं थिएटर हसलं.
मल्लिनाथ पतसंस्थेत कॅशियर आहे.
चेअरमन दिवाळीपासून गावात नाही,
आणि दिवाळीपासून काचेच्या भोकातून
मल्लिनाथ रोज हेच वाक्य बोलतो.
रांगेत त्याची सासूही असते,
विड्या वळून पिवळी झालेली बोटं
पासबुकात खुणेसाठी घालून.

अंबादास गुंडेटी काहीच बोलला नव्हता.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात बावीस वर्षं मागावर,
त्याच्याशी बोलायचं तर थोडं ओरडावंच लागतं.
चहा संपवून, ग्लास विसळून ठेवून
तो म्हणाला,
"तो टॉवेल आपला होता."

कुठला टॉवेल?

"पोहायच्या तलावाजवळ. ती बाई तोंड पुसते
आणि टाकून देते पाण्यात.
किनारीला तीन रेघा, मधे शंकरपाळी.
आमच्या चिप्पा मास्तरांचं डिझाइन हाय ते.
माझ्या मागावरचा असंल, नसंल, पण
हितलाच."

मैनोद्दीनचं हसू थांबलं.
मग त्यानंच हिशोब काढला:
सत्तर टॉवेल तरी टाकले असतील बे त्या पार्टीत,
नगाला तुला काय मिळतं?
अंबादासनं आकडा सांगितला.
भुर्जीवाल्यानंही वळून बघितलं.

पण अंबादासला आकड्याचं काही नव्हतं.
"पाणी कसं पीत होता बघितलं का?
हलका माल असता तर तरंगला असता."

दुसऱ्या दिवशी साडेतीनच्या खेळाला आम्ही परत गेलो.
मल्लिनाथही आला. घाण पिक्चरचं तिकीट
त्यानंच काढलं, चौघांचं.
बर्फ आला, मैनोद्दीन हसला नाही.
गादी झटकली, माझी बोटं मी मांडीखाली दाबली,
तरी ओठ आकसलेच.
म्हातारीच्या फोनला मल्लिनाथ बाहेर गेला
आणि चार पॉपकॉर्न घेऊन परतला.

मग तो तलाव. ती बाई.
अंबादास उभा राहिला.

"ए, बस की बे खाली!" मागनं कुणीतरी.
एक चप्पलही आली.
पडद्यावरच्या निळ्या उजेडात
त्याच्या शर्टावरचा कापसाचा भुगा दिसत होता.
दोन सेकंद, फार तर अडीच.
टॉवेल पोटभर पाणी प्याला,
जड झाला, खाली बसला.

मग तोही बसला.